आर्थर नील्सन : श्रोते आणि प्रेक्षक मोजणारा अभियंता

आकाशवाणीवर किंवा दूरचित्रवाणीवर साबणाची, चहाची जाहिरात देणाऱ्या उत्पादकापुढे दोन साधे प्रश्न असतात. आपली जाहिरात किती घरांपर्यंत पोहोचली, हा पहिला. आणि त्या घरांपर्यंत ती किती वेळा पोहोचली, हा दुसरा. जाहिरात व्यवसायात पहिल्या मोजमापाला रीच, तर दुसऱ्याला फ्रिक्वेन्सी असे म्हटले जाते. वर्तमानपत्राच्या किती प्रती खपल्या, हे हिशेबाच्या वह्यांवरून कळू शकते. रेडिओच्या लहरी मात्र कोणाच्या घरात उतरल्या, याची पावती कोणी देत नाही. अशी पावती मिळवण्यासाठी ज्यांनी आयुष्याची सुमारे चार दशके खर्च केली, ते अमेरिकी अभियंते आणि उद्योजक म्हणजे आर्थर चार्ल्स नील्सन. त्यांचे आडनाव प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांशी इतके एकरूप झाले आहे की, ते एका माणसाचे नाव होते याचाही अनेकांना विसर पडला आहे.

नील्सन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८९७ रोजी शिकागो शहरात झाला. वडील मूळचे डेन्मार्कचे. आई आणि वडील दोघेही हिशेबनीस होते, त्यामुळे आकड्यांविषयीचा काटेकोरपणा त्यांना घरातूनच मिळाला असावा. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९१८ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी सर्वोच्च गुणांसह संपादन केली. विद्यापीठाच्या टेनिस संघाचे ते कर्णधारही होते. त्याच वर्षी गर्ट्रूड स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या राखीव दलात सेवा आणि त्यानंतर शिकागोतील दोन कंपन्यांत अभियंत्याची नोकरी, असा हा आरंभीचा काळ होता.

१९२३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नील्सन यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. त्यासाठी लागलेले ४५ हजार डॉलर महाविद्यालयीन काळातील मित्रांनी उभे करून दिले. या कंपनीचा प्रेक्षकांशी किंवा जाहिरातींशी तेव्हा काहीही संबंध नव्हता. कारखान्यांत बसवलेली यंत्रे प्रत्यक्षात कशी चालतात, याची ती वापरणाऱ्यांकडे जाऊन पाहणी करायची आणि तिचा अहवाल यंत्रे बनवणाऱ्यांना विकायचा, असा हा व्यवसाय होता. कल्पना चांगली होती. परंतु १९२९ नंतरच्या महामंदीत कारखानदारांनी यंत्रांची खरेदीच थांबवली, तेव्हा पाहणीचे अहवाल कोण घेणार? कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली.

यातून वाट काढताना नील्सन यांनी यंत्रांकडून किराणा आणि औषधांच्या दुकानांकडे मोर्चा वळवला. मंदीतही लोक दंतमंजन आणि साबण घेतच होते. उत्पादकांची अडचण अशी होती की, कारखान्यातून किती माल बाहेर गेला एवढेच त्यांना माहीत असे. तो माल ग्राहकाच्या घरी गेला, की घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात पडून आहे, हे कळायला महिनोन्महिने लागत. १९३३ मध्ये औषधांच्या आणि पुढच्याच वर्षी किराण्याच्या दुकानांसाठी नील्सन यांनी नियमित तपासणी सुरू केली. निवडलेल्या दुकानांत त्यांचे तपासनीस दर दोन महिन्यांनी जात. आधीचा शिल्लक माल, त्यात मधल्या काळातील खरेदीची भर आणि त्यातून आजची शिल्लक वजा, म्हणजे झालेली विक्री. हिशेब शाळकरी मुलालाही समजेल असा होता. दुकानदाराला काय आठवते किंवा काय वाटते, हे त्यात विचारावेच लागत नसे.

या तपासणीतून एक नवी संख्या पुढे आली. बाजारातील एकूण विक्रीत आपला वाटा किती, ही ती संख्या. आपल्या साबणाची विक्री वाढली म्हणून समाधानी असलेल्या कारखानदाराला, प्रतिस्पर्ध्याची विक्री त्याहून वेगाने वाढत असल्याने आपला वाटा प्रत्यक्षात घटतो आहे, हे पहिल्यांदाच कागदावर दिसू लागले. १९३९ मध्ये कंपनीने इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे शाखा उघडली, ती याच दुकान-तपासणीच्या कामासाठी. नील्सन यांचे नाव पुढे दूरचित्रवाणीमुळे घरोघरी गेले असले, तरी कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग पुढील अनेक वर्षे दुकानांच्या या हिशेबातूनच येत होता.

दुकानातील फळीवरून घरातील रेडिओकडे ते वळले, यामागेही हेच ग्राहक होते. साबण आणि खाद्यपदार्थांचे उत्पादक त्या काळी रेडिओवरील संपूर्ण कार्यक्रम प्रायोजित करत असत आणि श्रोत्यांच्या संख्येसाठी त्यांना दूरध्वनीवरील चौकशीवर अवलंबून राहावे लागे. १९३० मध्ये आर्चिबाल्ड क्रॉसली यांनी सुरू केलेल्या पद्धतीत आदल्या दिवशी काय ऐकले, हे लोकांना आठवून सांगावे लागे. १९३४ पासून क्लॉड हूपर यांच्या कंपनीने त्यात सुधारणा केली. कार्यक्रम सुरू असतानाच दूरध्वनी करून आत्ता घरात काय लागले आहे, असे विचारले जाऊ लागले. स्मरणशक्तीचा दोष त्यामुळे टळला. दुसरा दोष मात्र तसाच राहिला. १९४० मध्ये अमेरिकेतील निम्म्याहून अधिक घरांत दूरध्वनीच नव्हता. शेतावर राहणारी आणि गरीब कुटुंबे रेडिओ ऐकत होती, पण मोजली जात नव्हती.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रॉबर्ट एल्डर आणि लुई वुडरफ या दोन प्राध्यापकांनी याच सुमारास एक यंत्र तयार केले होते. रेडिओ संचाला जोडलेल्या या यंत्रात कागदाची पट्टी सावकाश सरकत राही आणि संच केव्हा सुरू झाला, कोणत्या केंद्रावर लावला गेला, केव्हा बंद झाला याची रेघ तीवर उमटत असे. ऑडिमीटर असे त्याचे नाव. नील्सन यांनी १९३६ मध्ये या यंत्राचे हक्क विकत घेतले. विद्युत अभियंत्याला भुरळ पडावी अशीच ही वस्तू होती. तिने कोणाला काही विचारायचे नव्हते आणि कोणी तिला काही सांगायचेही नव्हते.

यंत्र विकत घेतल्यानंतर सहा वर्षे केवळ चाचण्यांत गेली. या काळात उत्पन्न नाही आणि खर्च मात्र मोठा, अशी स्थिती होती. अखेर १९४२ मध्ये सुमारे आठशे घरांत ही यंत्रे बसवून नील्सन यांची रेडिओ श्रोता-मापन सेवा सुरू झाली. आरंभी कंपनीचा माणूस घरोघरी जाऊन पट्टी बदलत असे. पुढे कागदाऐवजी फिल्म आली आणि ती टपालाने पाठवण्याची सोय झाली. नवी फिल्म यंत्रात बसवली की यंत्रातूनच पाव डॉलरची दोन नाणी बाहेर पडत, हा कुटुंबाचा मोबदला. अशा छोट्याशा युक्तीवर कोट्यवधी डॉलरच्या जाहिरात व्यवहाराचे आकडे उभे राहत होते, ही गोष्ट गमतीची खरी. परंतु दर आठवड्याला फिल्म वेळेवर आली नाही, तर ते घर हिशेबातून गळे, हेही तितकेच खरे होते.

नील्सन यांच्या पद्धतीचे वेगळेपण केवळ यंत्रात होते, असे मानले तर त्यांच्या कामाचे मर्म निसटते. हूपर यांची कंपनी दर वेळी नव्या घरांना दूरध्वनी करत असे. नील्सन यांची घरे तीच राहत. आज, पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यातही. या फरकाचा अर्थ एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, शंभर घरांपैकी वीस घरांत एक कार्यक्रम लागतो आणि चार आठवडे हाच आकडा कायम राहतो. दूरध्वनीवरील चौकशीचे उत्तर चारही वेळा वीस येईल आणि बेरीज होईल ऐंशी. पण या ऐंशीच्या पोटात काय दडले आहे? दर आठवड्याला तीच वीस घरे कार्यक्रम ऐकत असतील, तर जाहिरात वीसच घरांत पोहोचली आणि प्रत्येक घरात चार वेळा वाजली. दर आठवड्याला वेगळी वीस घरे असतील, तर ती ऐंशी घरांत पोहोचली, पण प्रत्येक घराने ती एकदाच ऐकली. उत्पादकाने मोजलेले पैसे दोन्हीकडे सारखेच. नवा साबण बाजारात आणणाऱ्याला दुसरा प्रकार हवा असेल, जुन्याच साबणाची आठवण पक्की करू पाहणाऱ्याला पहिला. घरे कायम असल्याखेरीज हा भेद कोणालाही सांगता येत नाही.

जाहिरात व्यवसायात या बेरजेला ग्रॉस रेटिंग पॉइंट किंवा जीआरपी म्हणतात. रीचला सरासरी फ्रिक्वेन्सीने गुणले की ती मिळते. सरासरी मात्र फसवी असते. याच उदाहरणात सोळा घरांनी जाहिरात चार वेळा आणि आणखी सोळा घरांनी एकदाच ऐकली, तरीही बेरीज ऐंशीच येते. रीच बत्तीस, सरासरी फ्रिक्वेन्सी अडीच. प्रत्यक्षात अडीच वेळा ऐकणारे घर एकही नाही, आणि निम्म्या घरांनी ती जेमतेम एकदा ऐकलेली आहे. म्हणून जाणकार सरासरीवर न थांबता किती घरांनी एकदा, किती घरांनी दोनदा, किती घरांनी तीन वा अधिक वेळा, अशी विभागणी मागतात. अमेरिकी संशोधक हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये तीन वेळा जाहिरात पाहणे पुरेसे ठरू शकते, असा विचार मांडला, तेव्हा तीन हा आकडा या व्यवसायाने जवळजवळ मंत्रासारखा उचलला. क्रुगमन यांचे विवेचन मनात उमटणाऱ्या प्रतिक्रियेच्या तीन टप्प्यांविषयी होते. प्रसारणाच्या तीन वेळांविषयी नव्हते. पण नियोजकांच्या तक्त्यात ते तीन याच अर्थाने जाऊन बसले.

१९५० मध्ये नील्सन यांनी हूपर यांची देशव्यापी मापन सेवा विकत घेतली आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणी प्रेक्षकांच्या मोजणीस आरंभ केला. सुरुवातीच्या काळात एक कार्यक्रम, एक प्रायोजक अशीच रीत होती, त्यामुळे त्या कार्यक्रमाचा आकडा कळला की प्रायोजकाचे काम भागे. दूरचित्रवाणीचा खर्च वाढत गेला तशी ही रीत मोडली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून उत्पादक संपूर्ण कार्यक्रमाऐवजी निरनिराळ्या कार्यक्रमांतील मिनिटे विकत घेऊ लागले. सोमवारच्या विनोदी मालिकेतील मिनिट आणि गुरुवारच्या गुप्तहेर कथेतील मिनिट यांच्या प्रेक्षकांत किती घरे सामाईक आहेत, हा प्रश्न आता थेट पैशांचा झाला. सामाईक घरे दोनदा मोजायची नाहीत, एकदाच मोजायची; कायमस्वरूपी घरांच्या नोंदींमुळेच हे शक्य होते. साठच्या दशकात नील्सन यांच्या आकड्यांना जे अवाजवी वाटावे असे महत्त्व आले, त्याचे एक कारण हे आहे.

त्याबरोबर टीकाही आली. अमेरिकेतील पाच कोटींहून अधिक दूरचित्रवाणी घरांचा कौल अकराशे-बाराशे घरांवरून कसा ठरणार, हा आक्षेप सर्वसामान्य प्रेक्षकाने घेतला आणि आवडती मालिका बंद पडलेल्या प्रत्येकाने तो पुन्हा घेतला. वास्तविक संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा आक्षेप दुबळा आहे. त्याच काळाच्या थोडे आधी, तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात, प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज निवडक शेतांच्या पाहणीवरून बांधत होते. शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडे घरोघरी होतेच. परंतु ही परीक्षा खरी ठरण्यासाठी भात सगळीकडे सारखा शिजलेला असावा लागतो किंवा शिते तरी भांड्याच्या सर्व बाजूंनी उचललेली असावी लागतात. नील्सन यांच्या पद्धतीवरचा खरा आक्षेप संख्येचा नव्हता. निवडलेल्या घरांपैकी अनेक घरे यंत्र बसवू देण्यास नकार देत आणि त्यांच्या जागी तयार असणारी घरे घ्यावी लागत. नकार देणारी घरे आणि होकार देणारी घरे सारखीच असतात, असे कशावरून धरायचे?

हा प्रश्न १९६३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे आला. ओरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने मापन कंपन्यांच्या कार्यपद्धतीची जाहीर चौकशी केली. त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही नील्सन यांच्यासह तीन कंपन्यांना, आपल्या आकड्यांत नसलेली अचूकता असल्याचा दावा न करण्याबाबत बांधून घेतले होते. चौकशीत नमुन्यातील उणिवा, नोंदींतील त्रुटी आणि अंदाजाला दिलेले अचूकतेचे रूप या बाबी उघड झाल्या. अचूकतेच्या बळावर ज्यांनी नाव कमावले, त्यांच्यासाठी हा घाव वर्मी लागणारा होता. रेडिओची स्थिती तर अधिकच बिकट होती. ट्रान्झिस्टर खिशात आणि मोटारीत गेला होता. भिंतीजवळच्या संचाला जोडलेले यंत्र त्याच्यामागे कुठे धावणार? १९६४ मध्ये कंपनीने देशव्यापी रेडिओ मापनातून माघार घेतली. ज्या माध्यमासाठी ऑडिमीटर घेतला, ते माध्यमच असे हातातून गेले. प्रसारण उद्योगाने याच सुमारास मापन कंपन्यांची नियमित तपासणी करणारी स्वतंत्र परिषद स्थापन केली.

तीन वर्षांनी वेगळेच संकट उभे राहिले. १९६६ मध्ये समितीच्या एका माजी तपासनिसाने नमुन्यातील काही घरांचे पत्ते मिळवले आणि एका विशिष्ट कार्यक्रमाकडे त्यांचे लक्ष वळावे म्हणून त्या घरांना प्रश्नावल्या पाठवल्या. कंपनीने न्यायालयात धाव घेतली. आकड्यांचे गणित कितीही शुद्ध असले, तरी त्यातील मूठभर घरांचे पत्ते गुप्त राहिले नाहीत तर सारेच निरर्थक ठरते, हे यातून स्पष्ट झाले.

भारतीय वाचकाला हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे विविध भारतीवरील जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून सुरू झाल्या, तर दूरदर्शनवर १९७६ पासून. दूरदर्शनने प्रेक्षक संशोधनासाठी घरोघरी रोजनिशी भरून घेण्याची पद्धत वापरली. यंत्राद्वारे मापन नव्वदच्या दशकात आले आणि टॅम या संस्थेच्या भागीदारीतून नील्सन हे नावही भारतात रुळले. २०१५ पासून बार्क ही प्रसारण उद्योगाची संस्था हे काम करू लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी मापन यंत्रे असलेल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या सुरू ठेवायला लावल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवण्यात आले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढे राज्य सरकारने खटला मागे घेण्याची भूमिका घेतली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने त्यास अनुमती दिली. आरोपांचे काय झाले यापेक्षा त्यांचा रोख लक्षणीय आहे. तो यंत्रावर नव्हता, गणितावरही नव्हता. घरांच्या गुप्ततेवर होता.

चौकशीच्या वादळाच्या वेळी कंपनीचा दैनंदिन कारभार त्यांचे पुत्र आर्थर नील्सन कनिष्ठ पाहत होते. ते १९५७ मध्येच कंपनीचे अध्यक्ष झाले होते. वडील संचालक मंडळाचे प्रमुख म्हणून १९७० च्या दशकापर्यंत सक्रिय राहिले. डेन्मार्कच्या राजाने १९६१ मध्ये त्यांना मानाचा किताब दिला. टेनिस त्यांनी कधीच सोडले नाही. पिता-पुत्र दुहेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद या दोघांनी १९४६ आणि १९४८ मध्ये पटकावले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठाला त्यांनी दिलेल्या देणगीतून उभे राहिलेले बंदिस्त टेनिस क्रीडागार १९६८ मध्ये सुरू झाले आणि १९७१ मध्ये टेनिसच्या आंतरराष्ट्रीय गौरव दालनात त्यांचा समावेश झाला. या खेळात गुण कोणाचा, हे तत्काळ आणि सर्वांसमक्ष ठरते. दिवसभर टक्केवारीच्या अंदाजांत वावरणाऱ्या माणसाला त्याची ओढ वाटावी, यात नवल नाही.

१ जून १९८० रोजी शिकागो येथे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी आर्थर नील्सन यांचे निधन झाले. चार वर्षांनी त्यांच्या कुटुंबाने कंपनी डन अँड ब्रॅडस्ट्रीट या समूहाकडे सोपवली. एक उणीव त्यांना अखेरपर्यंत दूर करता आली नव्हती. ऑडिमीटरला संच सुरू असल्याचे कळे, त्यासमोर कोण बसले आहे ते कळत नसे. रिकाम्या खोलीत सुरू राहिलेला संच आणि भरल्या घरात पाहिला जाणारा संच त्याच्या लेखी एकच. त्यामुळे घरे मोजली जात, माणसे नव्हे. १९८७ मध्ये अमेरिकेत पीपल मीटर हे नवे यंत्र आले, तेव्हा घरातील प्रत्येकाला स्वतंत्र बटण देण्यात आले. संचासमोर बसताना आणि उठताना ते आठवणीने दाबायचे, अशी सूचना होती.